डमी

बोरीच्या पुलाअलीकडे, अमळनेरात, माझं दुकान.
लग्नपत्रिका, केळीच्या वखारीची पावतीपुस्तकं,
भावपूर्ण श्रद्धांजली, चार बाय सहा, रिंगांसकट.
तेवीस वर्षं मी एकच गुलाब वापरतोय.
उजव्या कोपऱ्यात.

मंगळवारी वीज नसताना तिघं आले.
लोकेश्वरी बडगुजर, अकरावी, बोलणारी तीच.
तौसीफ पिंजारी, पेनड्राइव्ह गळ्यात ताइतासारखा.
तिसरा गेंदाराम, वसतिगृहातला,
चपला काढू की नको, उंबऱ्याशीच अडलेला.

"काका, मासिक काढायचंय. गाण्यांचं. सोळा पानी.
आमच्या वयाच्यांनी उचललं पाहिजे."

सोपंय, म्हटलं.
वीज आल्यावर गिटार टाकली,
गिटारीमागे ज्वाळा,
अक्षरांना सोनेरी कडा, कडेला सावली,
सावलीला सावली.
तरुण म्हणजे काय, हे मला दोन हजार तीन साली
क्लिपआर्टच्या एका सीडीने शिकवलेलं.

तिघं गप्प.
"आपला गावमा गिटार कोनाकडे शे, काका?"
तौसीफ चिडला नव्हता. खरंच मोजत होता.
"एक डॉक्टरसायबना घर शे. भितडावर."

मग पेनड्राइव्ह उघडला.
डीजेच्या गाडीची पाठ, वायरींत झोपलेला ऑपरेटर.
बँडवाल्यांचे लाल कोट दोरीवर वाळताना.
कानबाईच्या रात्री गाणाऱ्या बायांचे नुसते हात.
जिनिंगच्या फाटकाशी दोन पोरी,
एका इअरफोनच्या दोन टोकांना.
एकही चेहरा कॅमेऱ्याकडे बघत नाही.
असं छापत नसतात, मी म्हणालो
आणि फोटो मोठा करून पाहत राहिलो.

"पिवळा काढा काका, निवडणूक वाटते."
काढला.
"हाई शब्द सुधारू नका. आम्ही असंच बोलतो."
नाही सुधारला, हात शिवशिवत होता तरी.
पान तीनवर अर्धं पान उरलं.
माझ्या धंद्यात उरलेली जागा दिसली
की तिथे कुठल्या तरी भाऊंचा फोटो बसतो, हात जोडलेला.
"इथे काय?"
"काही नको."
"रिकामं? पैसे तेवढेच पडतील."
लोकेश्वरी म्हणाली, "गाणं लागायच्या आधी
जरासं असतं ना, तेवढं."

मधल्या जोडपानावर गेंदारामच्या बापाची पावरी
आडवी, या पानावरून त्या पानावर.
तो तासाभरात पहिल्यांदाच आत आला, अनवाणी,
पडद्यावर बोट न टेकवता म्हणाला,
"पिना कुठं लागतील?"
दाखवलं.
"तिथं भोकं आहेत. बोटं असतात त्याची."
मी चित्र सरकवलं, दीड सेंटीमीटर डावीकडे.
त्यानं पुन्हा पाहिलं.
आणखी जरा सरकवलं.

कोरे कागद दुमडून डमी शिवून दिली,
पानांवर पेन्सिलीनं नुसते आकडे.
पैशांचं बोलणं राहिलंच. तिनं ती छातीशी धरली
आणि पुलावरून जाताना तौसीफ
कोऱ्या पानातून मोठमोठ्यानं काहीतरी वाचून दाखवत होता.

बुधवारी पारोळ्याची लग्नपत्रिका होती.
उजवा कोपरा मी मोकळा सोडला.
नवरदेवाचा मामा प्रूफ उलटंपालटं करून म्हणाला,
"गुलाब खपी गया का?"

टाकला परत.
थोडा लहान केला मात्र.