टवका

गाडी आडोशाला घे, येर्को. तोंड भिंतीकडे.
इथे रिओ मायोत वाऱ्यात दार उघडलं
तर बिजागरीसकट जातं.
काचेला हात लावू नकोस. आधी बघू दे.

वाटाण्याएवढा. मध्ये काळा ठिपका,
भोवती तीन पाय, कोळ्याच्या पिलाचे असावेत तसे.
वरून चिकटपट्टी लावलीस ते बरं केलंस.
लोक थुंकी लावून पुसतात, धूळ आत कोंबतात,
आणि मग म्हणतात, देल्फिना, डाग राहिला.

दगड कधी लागला? मंगळवारी?
आणि तू येतोस शनिवारी.
मधल्या चार रात्री नळसुद्धा गोठले होते.
सकाळी बर्फ काढायला गरम पाणी ओतलं नाहीस ना?
एलुनेदबाईंनी ओतलं होतं. किटलीभर.
तडा या टोकाकडून त्या टोकाला असा धावला
की मागच्या सीटवरचं कुत्रं त्याच्यावर भुंकलं.
त्यापेक्षा चहा केला असता, असं आता त्याच म्हणतात.

बस त्या टायरवर.
सुईने आधी काचेचा भुगा काढायचा.
मग हा पंप, आतली हवा ओढून घ्यायला.
बघणाऱ्याला वाटतं, भेगेत काय असणार?
हवा असते. ठासून भरलेली.
ती निघाली की राळ उतरते, एकच थेंब,
आपली आपण वाट काढत
तिन्ही पायांच्या नखांपर्यंत.
घाई केली तर बुडबुडा राहतो,
आणि बुडबुडा राहिला
तर पुढच्या जुलैत तू पुन्हा माझ्या दारात.

ट्रक कुठला होता?
लाल? मागचं फळकूट दोरीने बांधलेलं?
मग तो आन्सेल्मो. माझा भाऊ.
चाळीस नंबरच्या रस्त्यावर खडी वाहतो.
तो फोडतो, मी भरते, दोघांचं बरं चाललंय,
असं गाव म्हणतं.
हसू नकोस, टायर घसरेल.

गावाला हे माहीत नाही
की आईच्या मेंढ्या वाटल्या त्या दिवसापासून
आम्ही बोलत नाही.
तीनशे बारा मेंढ्या. एक लंगडी.
त्या लंगडीवरून.

दोन वर्षांपूर्वी तो इथेच येऊन उभा राहिला, तू उभा होतास तिथे.
त्याच्या स्वतःच्या काचेला हातभर तडा.
मी म्हटलं, हे भरत नाही, काच बदल.
तो म्हणाला, पैसे नाहीत.
मग तड्याच्या टोकाला एक बारीक भोक पाडलं,
खसखशीएवढं. कधीकधी तडा तिथे थांबतो.
कधीकधी नाही.
टोकापाशी मेणाच्या पेन्सिलीने तारीख घातली.

तेव्हापासून महिन्यातून एकदा येतो.
इंजिन बंद करत नाही.
मी स्टुलावर चढून बघते, म्हणते, तिथेच आहे.
तो म्हणतो, बरं.
मागच्या खेपेला बोटभर पुढे गेला होता.
मी म्हटलं, तिथेच आहे.
तारीख मात्र खरी घातली. त्याला वाचता येतं.

आता हा निळा दिवा. डोळे तिकडे कर.
राळ धरली की पात्याने वरचं खरवडायचं, झालं.
डाग राहील. संध्याकाळी सूर्य समोर आला की दिसेल,
माशी बसल्यासारखा.
हाताने हाकलायला जाशील. सगळे जातात.

पैसे नंतर दे. माझ्या मांजरीला जंत झालेत.

आणि ऐक, समोरून ट्रक आला
की वेग कमी कर आणि आतून काचेला तळवा टेकव.
त्याने काच वाचते की नाही, मला ठाऊक नाही.
डांबर येईपर्यंत या रस्त्यावर सगळेच टेकवतात,
आणि डांबर दर निवडणुकीला येतंय.
लाल ट्रक असेल तर तिकडेही एक तळवा दिसेल,
तड्याच्या थोडा वर.
दुरून वाटतं, कोणी हात करतंय.
तूही कर.