मोठे नऊ, छोटे चौतीस

सकाळी साडेनऊला मिकेल गाठोडं टाकतो काउंटरवर,
सोबत आईच्या हातची चिठ्ठी:
मोठे ९, छोटे ३४.
बेगोन्याबाईंचा नऊ अजून उलटा पडतो,
पुण्यात येऊन बावीस वर्षं झाली तरी.
मी सुधारत नाही. मला कळतो.

प्रभात रस्त्याच्या अकराव्या गल्लीत, बदामाच्या झाडाआड
'कासा उजगरे'. खाली बारीक अक्षरात, घरगुती स्पॅनिश खानावळ.
एक ते चार सगळी गल्ली पडदे ओढून आडवी होते
तेव्हा फक्त त्यांच्याकडे ताटं वाजतात.
मी कधी आत बसलो नव्हतो.
माझ्यापर्यंत जेवण येतं ते दुसऱ्या दिवशी,
कापडावरून.

चार नंबरवर रश्शाचे थेंब, एका ओळीत, उजवीकडे:
खाजगीवाले वकील येऊन गेले, हात आता जास्त थरथरतो.
सहा नंबरवर बॉलपेननं भागाकार,
चार हजार आठशे तीस भागिले सात,
उत्तर बरोबर, खाली दोनदा रेघ.
हळदीचा डाग उन्हाला भितो.
केशराचा दोन दिवस तुमच्याकडे बघत बसतो.
म्हाकुळाच्या शाईला दूध लागतं, आणि शिव्या.
ऑलिव्हच्या तेलावर मी खडू चोळतो,
वडील तुपाच्या डागावर चोळायचे तसाच.

पण आधी बघतो ते पावाचे कण.
जमून आलेलं असलं की माणसं
ताटातला शेवटचा रस पावानं पुसून घेतात,
चारचौघांत, टाय लावलेलीसुद्धा.
कापडं झटकली की माझ्या पायरीवर चिमण्या.

एका रविवारी डबा आला.
बाई म्हणाल्या, पताता.
मी म्हटलं, अहो, बटाटाच की!
दोघं हसलो, मग गप्प झालो,
उसनं कुणी कुणाकडून नेलं होतं
ते दोघांनाही आठवत नसल्यासारखे.
माझ्या बायकोनं त्यावर लसणीची चटणी पसरली
आणि डबा परत करताना तसं सांगूनही टाकलं.
मला मेल्याहून मेल्यासारखं.
तिसऱ्या दिवशी सुदर्शनराव स्वतः दुकानात:
'चटणी घरची का?'

त्याच वर्षी त्यांना ताप आला.
ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला.
कुणी बोललं नाही, मला कापडांनी सांगितलं.
डाग होते. कण नव्हते.
नऊच्या नऊ झटकली,
चिमण्या पायरीवर थांबल्या, माझ्याकडे बघून उडाल्या.
आठ आठवडे.
रात्री दुकान बंद करताना त्यांच्या मागच्या खिडकीतून दिसायचं,
मुलगा चाखतोय, बाप विचारतोय:
आंबट कुठं लागतंय? टोकाला, की मागं?
मुलगा सांगायचा.
बाप डोळे मिटून ऐकायचा, मग चिमटीनं मीठ.

एका मंगळवारी एक चिमणी टिकली.
गुरुवारी मोजल्या नाहीत.

मुलीचा सीएचा निकाल लागला तेव्हा गेलो, तिघं.
सात नंबर. कापड माझ्या हातचं, घडी माझी,
त्यावर कोपर टेकवायला जीव होईना.
आधी खारवलेला मासा, तेल आणि लसूण, एवढंच.
एवढंच असूनही असा,
की बायकोनं चटणीचं नाव काढलं नाही.
मग भात, केशराचा, कढईला लागलेला थर बाईंनी खरवडून
मुलीच्या ताटात घातला, निकालाबद्दल.
मी मात्र पूर्ण वेळ ताठ.
चमचा ताटाबाहेर नेला नाही, थेंब पडू दिला नाही.

सकाळी चिठ्ठी: मोठे ९, छोटे ३७.
सात नंबर उलगडलं.
ताटाच्या कडेखाली, माझ्या बाजूला, एक अंगठा,
केशरात बुडालेला, रेघा मोजता येतील असा.
भोवती पावाचा चुरा. भरपूर.
मिकेल समोर उभा. काही बोलला नाही.

मी पावती फाडली.
केशराचे जादा दहा रुपये असतात.
लावले.