दहा-अकराचा पाना

पेटीत सहा-सातचा आहे, आठ-नऊचा आहे,
बारा-तेराचा, पुढचे सगळे.
दहा-अकराचा नाही.
थ्रेशरच्या नटाला पक्कड लावतो तेव्हा
नातू विचारतो, "आबाजी, दहाचा काहून नाही?"
गाडीत राहिला, मी म्हणतो.
"कोनत्या गाडीत?"
लाल.

सावळी फाट्यावर बंद पडलेलं जिन होतं.
सरकी गेली, रेचे गेले, पत्रे राहिले,
आणि त्या पत्र्यांखाली एका शेठनं
दोन माणसांची, बिनटपाची, शर्यतीची गाडी
बांधायला काढली.
कंपनीनं ठेवलेलं नाव इंग्रजी, जिभेवर बसेना.
लांब नाक, मागून उतरती पाठ, उधळायच्या तयारीत,
आम्ही तिला रोही म्हणायचो.

तिचं अंग लोखंडाचं नव्हतं.
साच्यात काचेचे धागे अंथरायचे, वरून राळ,
मग ब्रशनं दाबत दाबत बुडबुडे काढायचे.
रात्री कोपरापर्यंत आग व्हायची.
पंचफुला करंजीचं तेल चोळत म्हणायची,
"एवढं अंग खाजवून घेता, अन् बसते कोन तिच्यात?"
मला ठाऊक नव्हतं.

माझ्याकडे दारं होती.
दारात आणि अंगात फट किती असावी
हे खरबडे फोरमन पोस्टकार्डानं मोजायचे:
दोन कार्डं जावीत, तिसरं अडावं.
तिसरं गेलं की उतरव दार.
त्यातलं एक कार्ड कुणाच्या तरी सोयरिकीचं होतं,
कोपऱ्याला हळद लागलेलं.
वर्षभर तेच वापरलं.

हिवाळ्यात पलीकडच्या गावचं जिन सुरू झालं
की रुई उडत यायची, ओल्या रंगावर बसायची.
गोविंदा मेश्राम चिमट्यानं एकेक तंतू उचलायचा,
श्वास धरून, डोळ्यातलं कुसळ काढावं तसा.
सगळे नाही निघायचे.
मद्रासेत, मुंबईत कुठं उन्हात उभी असेल ती,
तर तिच्या लालीखाली
आमचा थोडा कापूस आहेच.

चालवून बघायला रस्ता एकच, कालव्यापर्यंत.
माघात त्यावर तूर वाळत असायची.
साहेबानं हॉर्न दिला
तर चंद्रभागाबाई टोपलं टेकवून बसली,
"वाळू द्या नं बापा. तुमची गाडी काय हिरवी आहे?"
अख्खी दुपार, एकशेवीसनं पळणारी गाडी
तुरीकडे बघत उभी राहिली.

सत्त्याण्णव नंबरच्या वेळी ट्रक फाटकात होता.
डाव्या दाराचा बोल्ट आवळताना पाना निसटला,
आत पडला. ठण्ण.
"पॅनल ठोक," खरबडे म्हणाले, "गाडी गेली पाहिजे."
ठोकलं. बारदान गुंडाळलं. गेली.
पगारातून अठरा रुपये कापले,
चिठ्ठीवर लिहिलं: पाना, हरवला.
हरवला नव्हता. कुठे आहे ते मला माहीत होतं.

एकशे एकेचाळिसावी अर्धीच राहिली.
शेठ गेले, बँकेचं कुलूप आलं,
हिशेबाऐवजी ज्याची त्याला पेटी मिळाली.
बॉनेटचा साचा मेश्रामनं बैलगाडीत घालून नेला.
त्यात अजून ढोरं पाणी पितात.

गेल्या दिवाळीनंतर हायवेवर, चहाच्या टपरीपाशी
एक रोही उभी. लाल.
मालक तरुण, काळा चष्मा, फोनवर.
मी विचारलं, दार लावून बघू का?
त्यानं हात हलवला,
हो म्हणून, की माशी हाकलावी तसा, कळलं नाही.
डावं दार उघडलं. लावलं.
पुन्हा उघडलं, जरा जोरात लावलं.
कान टेकवला.
फट बरोबर होती, दोन कार्डांची.
आतून आवाज नाही आला.

ही ती नव्हे.
चहा प्यालो, सायकल काढली.

थ्रेशरचा नट पकडीनं खाऊन गोल झालाय.
बाजारात नवा पाना मिळतो,
मुलगा दरवेळी विचारतो, आणू का.
नको म्हणतो.
कुठंतरी कुणीतरी दार आपटत असेल
आणि वैतागून सांगत असेल मेकॅनिकला,
आत काहीतरी वाजतंय,
इतकी वर्षं झाली, सापडत नाही.