पावणी

तीन वर्षांतून एकदा, मीस सुटल्यावर
आणि देवळातली आरती आटोपल्यावर,
म्हणजे कुणालाच सबब उरत नाही अशा वेळी,
चोडणला मानशीची पावणी होते.
मी लिहिणारा. गांवकारीचा इश्क्रिव्हांव.
टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली खापरी.
एक वार. दोन वार.
तिसऱ्या वाराआधी मी मुद्दाम खोकतो.
बापही खोकायचा. तेवढ्यात कधी कधी
आकडा हजारानं वर जातो.

मानस म्हणजे बांधाच्या पोटातली दोन लाकडी दारं.
भरतीला पाण्याच्याच रेट्यानं मिटतात,
ओहोटीला पाण्याच्याच ओढीनं उघडतात.
कुणी हात लावत नाही.
बाहेर नदी, आत कोरगूट,
आणि दारात जाळं लावायचा हक्क
ज्याची बोली मोठी त्याचा.

तरुणपणी पणजीच्या वाचनालयात
थंड देशातल्या एका मास्तराचं पुस्तक वाचलं होतं.
पोर्तुगीजमध्ये. शेवटची पानं वाळवीनं नेलेली.
मला कळलं ते इतकंच:
राजांनी मध्ये उभं राहू नये,
देवघेव आपली पातळी आपण शोधते.
मला हसू आलं. ह्यानं आमची मानस
कुठे बघितली?

पण माणूस चिडून लिहीत होता, हे विसरू नये.
तेव्हा दर्यालासुद्धा कुंपण होतं,
कुंपणाला एक फाटक, फाटकावर राजाचा शिक्का,
आणि शिक्का ज्याच्या खिशात त्याचीच मिरी.
माझ्या खापरपणज्याचं मीठ
अल्फांदीच्या ओसरीवर परवान्याची वाट बघत राहिलं.
परवान्याआधी पाऊस आला.
त्याला कुणी हे पुस्तक वाचून दाखवलं असतं
तर त्यानं मास्तराला खंडीभर मीठ धाडलं असतं.
फुकट नव्हे. वाजवी भावानं.

गेल्या खेपेला रोझार फुर्ताद अकरा लाखांवर गेला.
गुणाजी कुंडईकर दहावर थांबला, विडी पेटवली.
सगळे खूष. प्रत्येक गांवकाराच्या झोणात
चार पैसे जास्त पडणार होते.
मीही खूष. अक्षर त्या दिवशी चांगलं आलं.

मग रोझारनं दारं दोरीनं बांधून उघडी ठेवली.
खारं पाणी जितकं आत, तितकी सुंगटं,
आणि पणजीची हॉटेलं किलोमागे काय देत होती
ते सांगायला मला लाज वाटते.
लबाड नव्हे तो. अकरा लाख भरून काढायचे होते.
भाव बोलत होता, तो ऐकत होता.
भात काही बोली लावत नाही.

भाद्रपदातल्या अवसेच्या उधाणाला
कुर्ल्यांनी पोखरलेला बांध सुटला.
मध्यरात्री सात माणसं गळ्याएवढ्या चिखलात,
गवताच्या पेंढ्या छातीनं दाबत.
त्यात गुणाजी. त्यात रोझारही, आईमाईवरून शिव्या देत,
कुणाला ते नक्की कळत नव्हतं.
मी कंदील धरला होता. माझे हात कोरडे.
वहीत लिहिलं: दुरुस्ती, सात माणसं, गवत, चिखल.
रकमेच्या रकान्यात काय भरावं ते सुचलं नाही.
अजून रिकामाच आहे.

कापणीला पार्वत म्हांबरे आली,
त्या उघड्या वहीवर एक लोंबी ठेवली.
चावून बघ, म्हणाली.
नुसती फोलं. जिभेवर खार.
तीनदा थुंकलो तरी जाईना.

परवा पणजीला गेलो होतो, पेन्शनच्या कामाला.
वाचनालयात त्याच मास्तराचं आधीचं पुस्तक मागितलं,
दुसऱ्याचं दुखणं आपल्याला कसं कळतं
यावर लिहिलंय म्हणतात.
मुलीनं खण उपसला, खालचाही उपसला.
कार्ड आहे, म्हणाली. पुस्तक नाही.

येत्या रविवारी पावणी.
दारांचं लाकूड कुजलंय, ते कागदावर कुठेच नाही.
खापरी पुन्हा पायाखाली सरकवलीय.
रोझार येईल, गुणाजी येईल,
पार्वत लांब, जांभळीखाली उभी राहील.
एक वार. दोन वार.
ह्या खेपेला जरा जास्त वेळ खोकेन म्हणतो.