नावाचा रकाना

तेंदूपत्त्याच्या फडावर दुपारी मुंशीला काम नसतं.
पुडे उन्हात पालथे. सत्तर पानांचा एक,
शंभर पुड्यांची एक ओळ.
माझ्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर
दुसरीच मोजणी चालते,
नागपूरला रशियनची दोन वर्षं केली तेव्हापासून
सुटता न सुटलेली.

आद्य-स्लाव्ह शब्द.
लिहिले कुणी नाहीत. ऐकणारे केव्हाच माती झाले.
पाच-सहा बहिणींच्या तोंडवळ्यावरून
मेलेल्या आईचं नाक ठरवावं
तसे पंडितांनी जुळवलेले,
म्हणून प्रत्येकाच्या कपाळाला चांदणी.
चांदणी म्हणजे: असा असावा.
*ओग्नि, आग.
*स्नुखा, सून.
कोसमतोंडीच्या कुठल्याही चुलीजवळ नेऊन बसवा,
कुणी विचारणार नाही, कोणत्या गावची म्हणून.

परवा फुलवंता मडावी अर्ज घेऊन आली.
चैतात, पहाटे, मोह वेचताना
तिच्या नवऱ्यावर, इसनवर.
अर्जात छापलंय: वन्यप्राण्याचे नाव.
"कोन होता?"
ती नाल्यापलीकडे बघत राहिली.
"नाव नोको घेऊ मुंशीजी. नाव घेतला का येते."
"मग लिहू काय?"
"लिव ना, मोहा खायाले आलता, तो."

पेन तिथंच थांबलं.
कारण रजिस्टर उलटं केलं की
तिसऱ्या पानावर तोच बसलेला:
*मेद्वेदि.
मी आधी चुकलो होतो. वाटलं, शेवटी वेद आहे,
मध जाणणारा.
जाणणारा कसला!
मेदु अधिक एद्, आपला अद्, अन्नातला;
उ चा व झाला, मनु-अंतर मन्वंतर तसा,
मारकुट्या कापगते गुरुजींचा यण् संधी
थेट त्या बर्फात.
मध खाणारा.
तिकडच्या बायाही अशाच
झाडीकडे बघत गप्प राहिल्या असतील,
इतक्या पिढ्या,
की खरं नाव गेलंच.
त्या नावाला तिथे चांदणीसुद्धा नाही.

आणि हा मोह तरी कोण?
मधूक. मधाच्याच घरातला.
माणसाला पडतो तो वेगळा, त्याचं मूळ दुसरं,
चालता चालता दोघे एका रूपात येऊन बसले
आणि आता उठवत नाहीत.

तक्ता मी पुरा केला होता, सात विभक्त्या, तीन वचनं.
शेवटचा इ लांबवला, *मेद्वेदी,
की 'त्याचं' असाही अर्थ होतो
आणि 'अरे ए' असाही.
त्याला हाक कोण मारणार आहे?
पण रकाना असतो, म्हणून भरायचा.

दुखापतीचा तपशील.
"एक डोरा गेला," फुलवंता म्हणाली.
ळ चा र करते ती. तिच्या आईनंही केला असणार.
मी 'डोळा' लिहिलं,
आणि तक्त्यातला तो मधला रकाना आठवला:
*ओको, एक. *ओची, दोन, फक्त दोन.
आम्ही ती घडी कधीच मोडली,
दोन आणि दोन हजार एकाच 'डोळे'त घातले.
त्या भाषेत
इसनचं काय गेलं
ते नुसत्या शेवटच्या स्वरावरून कळलं असतं.

नावाचा रकाना उरला.
"तुया हातानं लिव," ती म्हणाली,
पदर कानांवर घेतला, तोंड फिरवलं.
लिहिण्याचा आवाज होत नाही, तरी.
तीन अक्षरं लिहिली.
दोघांनी झाडीकडे बघितलं.
वारा नव्हता. पुड्यांवर पाल सरकली, तेवढंच.

रेंज ऑफिसातल्या बाबूनं चष्मा वर केला.
"ही नावाआधी फुली कशाची?"
म्हटलं, साहेब, पेन गळतं.