तिवई

ओबदूलिया तिवईवर चढते
आणि माझ्या दंडात सुई खुपसते.
रोज सकाळी, कॉफी उतू जायच्या आत.
ती एकाहत्तरची, मी अडुसष्ट.
ती साडेतीन फूट,
मी तिच्यावर एक हात चार बोटं,
आणि साखर माझ्या रक्तात.

बाबा दाराच्या चौकटीवर
कोळशानं खुणा करायचे, दर ईस्टरला.
माझ्या खुणा घेवड्याच्या वेलासारख्या वर गेल्या.
तिच्या आणि अमादेओच्या
एकीवर एक, एकीवर एक,
लाकूड तेवढ्या जागी नुसतं काळं.
एका वर्षी बाबांनी कोळसा चुलीत टाकला.
म्हणाले, खेचर बांधायचं राहिलंय.
खेचर बांधलेलंच होतं.

आईनं कुणाचं तरी ऐकून गाभण गाय विकली.
लोखाहून बाटल्या आल्या, करंगळीएवढ्या,
बर्फात, वर लाकडाचा भुसा.
वाढीचं औषध.
सहा महिने दोघांना टोचलं.
चौकटीवर काळ्यावर काळं.

मग कितीतरी वर्षांनी परदेशी डॉक्टर आले,
डोंगर चढून, धापा टाकत.
रक्त नेलं, पुन्हा आले, पुन्हा नेलं.
एका पोरसवदा डॉक्टरणीनं समजावलं:
बाटलीत जे होतं ते हिच्या रक्तात आधीच होतं,
तुमच्याहून जास्त.
ते हाक मारतं, दिवसरात्र मारतं,
पेशींना ती ऐकूच येत नाही.
आई तेव्हा नव्हती.
असती तर तिनं गाईचं विचारलं असतं.

आणि ऐकू येत नाही, ती म्हणाली, म्हणूनच
हिच्या लोकांत गाठी जवळपास नाहीत,
साखरही नाही.
प्रयोगशाळेत असे बुटके उंदीर आहेत,
बाकीच्यांच्या जवळजवळ दीडपट जगतात.
ओबदूलिया शेंगा सोलत होती.
म्हणाली, उंदरांना शाळेत जावं लागत नाही.

माझी डावी छाती काढली तेव्हा
ती अकरा रात्री माझ्या पायथ्याशी निजली.
नर्सनं तिला बदकं छापलेलं पांघरूण दिलं,
आणि मला विचारलं, नात का?
ओबदूलियानं पांघरुणातून तोंड काढलं.
साठीतलं तोंड.
नर्सच्या हातून ट्रे पडला.
टाके दुखेपर्यंत हसलो.

अमादेओला ना गाठ झाली, ना साखर.
चव्वेचाळिसाव्या वर्षी, बाजाराच्या दिवशी,
केळ्यांचा ट्रक मागे आला.
चालकानं आरशात पाहिलं होतं.
मला माहीत आहे, त्यानं खरंच पाहिलं होतं.
आरशात कुणी नव्हतं.
त्या मापाची पेटी सुताराकडे तयार होती,
पण पांढरी, लेकरांची.
आम्ही रात्रभर तिला तपकिरी रंग दिला.
पुरताना तो ओलाच होता.

माझी नेल्वा ग्वायाकिलला एका दवाखान्यात आहे.
सांगते, साठीचे श्रीमंत बाप्ये येतात,
त्याच बाटल्या घेतात,
गाईहून महाग,
गालावरची सुरकुती जावी म्हणून, रात्री जोर यावा म्हणून.
ओबदूलिया खोकला येईस्तोवर हसली.
म्हणाली, त्यांना सांग, माझ्याकडचं घेऊन जा.
इतकी वर्षं पडून आहे,
अजून वापरलेलं नाही.

रात्री मात्र दिवा मालवल्यावर म्हणाली,
मी उंची मागितली होती, एर्मेलिंदा.
आयुष्य मागितलंच नव्हतं.
मला उत्तर सुचलं नाही.
मी माझं पांघरूण तिच्यावर ओढलं,
ते तिच्यावर दुमडून दोन पदरी झालं.

सकाळ. पुन्हा सुई.
तिच्या गुडघ्यातून कट्कट् आवाज येतो,
म्हातारपण तिलाही सोडत नाही,
फक्त कुठून शिरायचं ते शोधत बसतं.
हलू नकोस, ती म्हणते.
तिवईचा एक पाय आखूड आहे.
मी तो माझ्या पावलानं दाबून धरते.