पोस्टर क्रमांक त्रेसष्ट

वाशीच्या परिषदेत मला जागा मिळाली
चहाच्या टेबलाला लागून, स्वच्छतागृहाच्या वाटेवर.
गळ्यातल्या बिल्ल्यावर हुंबरेचं डुंबरे झालेलं.

ऐरोलीच्या खाडीत चार वर्षं
गुडघाभर गाळात उभं राहून मोजलेले शिंपले
तीन बाय चार फुटांत बसवलेत.
लोक थांबतात, कपात बिस्कीट बुडवतात,
आलेख बघून म्हणतात, रंग छान आहेत.
आतून मोठे सर निघाले
की फोटोसाठी रांग लागते.
मीही लागलो होतो, खोटं कशाला बोलू.

पोस्टरं उतरवायच्या वेळेला
रत्नागिरीच्या केळुसकर बाई आल्या.
आलेख सोडून खाली वाकल्या,
सगळ्यात बारीक अक्षरात आभार असतात तिथे.
"गोमीबाई मढवी कोण?"

दिवा गावच्या.
गाळ कुठे पाय गिळतो,
कुठला शिंपला कुठल्या सालापासून दिसला नाही,
सगळं त्यांना पाठ.
मी नुसतं मोजलं.

"मग त्या इतक्या खाली का?"

मी टाचण्या काढत राहिलो.
त्यांनी टिशू पेपरवर नंबर लिहिला.
"आमच्याकडेही आहेत एक. भाटकर मावशी.
गाठ घालून देऊ."

परवा दोघी ऐरोलीच्या धक्क्यावर
एकाच शिंपल्याच्या दोन नावांवरून
तासभर भांडल्या.
माझी वही भरली.

नव्या निबंधाला अजून शीर्षक नाही.
नावं चार आहेत, अकारविल्हे.
माझं शेवटी येतं,
आणि या वेळी बरोबर लिहिलंय.